ओवीच्या शाळेचा बंधारा

पुण्यात बावधनला रस्त्याच्या कडेला शाळेची छोटी बस येऊन थांबली, तेव्हा मी नांदेडहून आणलेली शाल कानांवरून गुंडाळून तोंडातून वाफ काढत उभी होते. हो, वाफ! आमच्याकडेही डिसेंबरात पहाटे गार वाटतं, नाही असं नाही. पण माझ्याच तोंडातून असा धूर निघताना पाहून मला इतकी मजा वाटली, की मी दोन-तीनदा उगाचच फू-फू करून पाहिलं. शेजारी उभी असलेली माझी भाची ओवी माझ्याकडे बघून हसली. अगदी आवाज न करता. ती हसते अशीच, आणि बोलते त्याहूनही हळू.

ओवी म्हणजे माझ्या धाकट्या भावाची, सुधीरची मुलगी. आठ वर्षांची. सुधीर आणि माझी भावजय दोघंही माणच्या बाजूला आयटीत नोकरीला. जूनमध्ये मोठ्या हौसेनं त्यांनी तिला मुळशीतल्या एका निसर्गशाळेत घातलं. या शाळेत फळ्यासमोर बसणं कमी आणि शेतात, झाडाखाली, ओढ्यावर फिरणं जास्त. पण दिवाळी उलटून गेली तरी पोरगी वर्गात तोंड उघडेना. घरी विचारलं तर खांदे उडवायची. त्यात ती पाण्याला घाबरते. नदीच्या पुलावरून चालतानाही हात सोडत नाही. आणि या शाळेचं निम्मं काम पाण्यात!

आदल्या रात्री जेवताना सुधीर म्हणाला होता, "ताई, उद्या त्यांची ओढ्यावर सहल आहे. घरातलं एक मोठं माणूस सोबत चालतं. तू जाऊन बघ. सोमवारी आम्ही तिला इथली दुसरी शाळा दाखवायला नेणार आहोत. तुझं काय मत पडतं ते सांग, म्हणजे ठरवायला बरं."

मी नांदेडला शिलाईचं दुकान चालवते. शाळांबद्दल मला काय कळणार? पण भावानं विचारलं याचा मान वाटला, आणि खरं सांगायचं तर मुळशी बघायला मिळणार म्हणून रात्री नीट झोपही लागली नाही.

चांदणी चौकाकडची गर्दी मागे पडली, भूगाव गेलं, पिरंगुट गेलं, आणि इमारती एकदम विरळ झाल्या. पौडच्या पुढे डोंगर जवळ आले. भात कापून झालेली खाचरं (बांध घातलेली लहान लहान शेतं) पायऱ्यांसारखी उतरत गेलेली, त्यांत पेंढ्याचे उंच ढीग, आणि या सगळ्यावर गुडघाभर उंचीचं धुकं. ज्या पोरांनी गलका करून बस डोक्यावर घेतली होती ती पोरं एका वळणावर अचानक गप्प झाली. खाली धरणाचं पाणी पसरलं होतं. पाण्यातूनही वाफ निघत होती! मी ओवीला कोपरानं ढोसलं आणि म्हटलं, "बघ, त्यालापण थंडी वाजतीय." ती पुन्हा तशीच हसली.

शाळा म्हणजे कौलारू छपराच्या तीन-चार खोल्या, एक मोठं अंगण आणि मागे थेट डोंगर. शिकवणाऱ्या मेघाताई तिशीच्या, सडपातळ, पायात रबरी बूट. त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं. मी नव्या कोऱ्या सँडल घातल्या होत्या. "आत्या, या सँडल संध्याकाळी ओळखू येणार नाहीत," त्या म्हणाल्या. मी त्या काढून बसमध्येच ठेवल्या आणि आचाऱ्याच्या जुन्या रबरी चपला घालून निघाले.

ओढा शाळेपासून हाकेच्या अंतरावर. दोन्ही काठांना उंबर, जांभूळ, करंज. मधून घोटाभर स्वच्छ पाणी खळखळत चाललेलं. दगडावर एक करडा-पिवळा पक्षी शेपटी वरखाली करत नाचत होता. मेघाताईंनी ओठांवर बोट ठेवलं. सगळी मुलं जिथल्या तिथे खाली बसली. "हा धोबी," त्या हळूच म्हणाल्या. "हिवाळ्यात पाहुणा येतो, फार लांबून." मी मनात म्हटलं, माझ्यासारखाच.

मग कामाला सुरुवात झाली. काम होतं ओढा अडवायचं. रिकाम्या सिमेंटच्या गोण्यांत माती भरायची, तोंडं शिवायची आणि विटांसारख्या एकावर एक रचून ओढ्यात आडवी भिंत घालायची. याला वनराई बंधारा म्हणतात. पावसाळा संपल्यावर जे पाणी वाहून जातं ते थोडे दिवस थांबवायचं, जमिनीत मुरू द्यायचं. गोण्या पौडच्या शकीलभाईंनी दिल्या होत्या आणि ते स्वतःही मदतीला आले होते. त्यांचं बांधकामाच्या सामानाचं दुकान आहे आणि त्यांची सना याच वर्गात शिकते. सना म्हणजे ओवीच्या अगदी उलट. तिचा आवाज ओढ्याच्या या काठावरून त्या काठावर आरामात जातो.

"किती गोण्या लागतील?" मेघाताईंनी विचारलं. मुलांनी एक गोणी आडवी धरून ओढ्याची रुंदी मोजली. दोरीला गाठी मारल्या. एका थराला इतक्या, मग इतके थर, मग वरचे थर जरा लांब कारण ओढा वर रुंद होतो. गुणाकार, बेरीज, भांडण, पुन्हा बेरीज. या शाळेत पाढे तरी शिकवतात का, ही शंका मी नांदेडहून सोबत आणली होती. ती त्या दोरीच्या गाठींत कुठेतरी राहून गेली.

ओवी मात्र काठावर, उंबराच्या बुंध्याला टेकून उभी. मुलं पाण्यात उतरली, ती नाही उतरली. मेघाताईंनी एकदाच विचारलं, "येतेस?" तिनं मान हलवली. ताई "बरं" म्हणाल्या आणि पुढे गेल्या. मला वाटलं, जरा आग्रह करायला नको का?

तेवढ्यात माझ्यावरच बाका प्रसंग आला. मुलांनी सुतळीनं शिवलेल्या गोण्यांची तोंडं उचलताना भसाभस उसवायला लागली. एक गोणी तर एका मुलाच्या पायावरच रिकामी झाली. मला राहवेना. मी साडीचा पदर खोचला, दाभण (गोणी शिवायची जाड सुई) हातात घेतली आणि बसले खाली. "टाका असा सरळ नाही घ्यायचा, एकदा मागे येऊन मग पुढे जायचं. आणि शेवटी गाठ पक्की." बघता बघता माझ्याभोवती रांग लागली. सना ओरडली, "आत्या, तुम्ही मशीनपेक्षा फास्ट आहात!" इतकं कौतुक माझ्या गिऱ्हाइकांनी आजवर कधी केलं नाही, हे मी जाता जाता लिहून ठेवते.

गोण्या हातोहात पाण्यात जाऊ लागल्या. शकीलभाई आणि मोठी मंडळी खालचे थर लावत होती, मुलं चिकणमातीचे गोळे करून फटी बुजवत होती. ऊन वर आलं. माझी शाल कधीच गळून पडली होती. शेवटची गोणी बसली आणि भिंतीपलीकडचं खळखळणं बंद झालं. क्षणभर कुणाला कळेना काय झालं ते. मग मुलं अशी ओरडली, की धोबी उडून पार वरच्या वळणाला गेला.

जेवायला अंगणात पंगत बसली. तांदळाची मऊसूत भाकरी, पावट्याची आमटी, हिरव्या मिरचीचा खर्डा आणि वर इंद्रायणी तांदळाचा वाफाळता भात. मी ज्वारीच्या भाकरीवर वाढलेली बाई. तांदळाची भाकरी म्हणजे आजारी माणसाचं खाणं, असं मला आजवर वाटायचं. तुम्हाला सांगते, मी तिसरी भाकरी मागून घेतली.

जेवून परत ओढ्यावर गेलो, ते तळं बघायचं म्हणून धावतच. आणि बघतो तर काय! पाणी चढायच्या ऐवजी उतरलेलं. सकाळी ओल्या झालेल्या दगडांवर नुसती ओलीची रेघ राहिली होती. बंधारा जागच्या जागी, गोण्या शाबूत, आणि पाणी जेमतेम गुडघाभर.

मुलांची तोंडं एवढीशी झाली. काठावर एक बाई शेळ्या घेऊन उभ्या होत्या. हिरवं लुगडं, हातात काठी, चेहरा उन्हानं रापलेला. हौसाबाई त्यांचं नाव. वरच्या धनगरवाड्यातल्या. त्या म्हणाल्या, "गेल्या साली बी पोरांनी अशीच भिताड घातली व्हती. पानी काय राह्यलं न्हाई. हितं पानी थांबतच न्हाई बगा."

"मग शेळ्यांना पाणी कुठं पाजता?" मी विचारलं.

"आत्ता हाय हितं वाईच. पर माघात ठिपूस राहत न्हाई. मग शेरडं घिऊन पार खाली धरनापतुर जायाचं. जायाला दुपार, याला सांज." त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुमी कुटल्या?"

"नांदेडची."

"लई लांब की ओ! आन् हितं चिकलात कशाला आलाय?"

मी हसले. सकाळभर टाके घालून बोटं दुखत होती, आणि त्या सगळ्या गोण्या आता ओढ्यात नुसत्या बसून होत्या. एक मुलगा रडायलाच लागला. कुणी म्हणालं, "ताई, इट्स लीकिंग फ्रॉम बॉटम." कुणी म्हणालं, सनानं गोणी वाकडी लावली. सना त्याच्या अंगावर धावून गेली. मेघाताई एका दगडावर बसल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "पाणी हवेत तर गेलं नाही ना? मग गेलं कुठे? शोधा." शकीलभाई काहीतरी सांगणार होते, पण ताईंनी हातानंच त्यांना थांबवलं.

मुलं बंधाऱ्याला कान लावून, गोण्यांखाली बोटं घालून शोधू लागली. कुठेच काही सापडेना. आणि तेव्हा माझा पदर कुणीतरी ओढला.

ओवी. ती माझ्या कानाशी येऊन कुजबुजली, "आत्या, तिकडे खाली माती ओली आहे. मघाशी तिथे कोरडी होती. मी तिथेच खेळत होते."

सगळी मुलं पाण्यात होती, तेव्हा ही एकटी काठाकाठानं फिरत होती, म्हणून हिलाच ते दिसलं! तोंडाशी शब्द आले होते, "अहो मेघाताई, इकडे या." पण मी दात आवळले. म्हटलं, "मला कशाला सांगतेस? ताईंना सांग."

तिनं जोरजोरात मान हलवली. डोळ्यांत पाणी. मी गप्प उभी राहिले, आणि ते गप्प राहणं सकाळच्या सगळ्या गोण्यांपेक्षा जड गेलं. ओवीनं ताईंकडे पाहिलं, भांडणाऱ्या मुलांकडे पाहिलं. मग ती सरळ सनापाशी गेली, तिचा हात धरला आणि एक शब्द न बोलता तिला ओढत खालच्या बाजूला घेऊन गेली.

पुढचं काम सनाच्या आवाजानं केलं. "सापडलं! ताई, इथून येतंय! ओवीला सापडलं!"

आम्ही सगळे धावलो. मी घसरून बसकण मारली, कुणी उचलायलाही थांबलं नाही. बंधाऱ्याच्या खाली, काठावरच्या एका दगडामागून, पाण्याची मनगटाएवढी धार गुपचूप बाहेर पडत होती. बंधाऱ्याला वळसा घालून काठाच्या पोटातून पाणी निघून चाललं होतं.

"बाहेर कुठे पडतंय ते कळलं," मेघाताई म्हणाल्या. त्यांचेही डोळे चमकत होते. "पण आत कुठून शिरतंय? ते भोक बुजवायला हवं. वरचा काठ तर सगळा सारखाच दिसतोय."

सगळे काठ न्याहाळू लागले. तेवढ्यात एक आवाज आला, जो मी ओळखलाच नाही.

"हळद!"

ओवी बोलली होती. सगळ्यांसमोर, मोठ्यानं. सगळ्यांनी वळून बघितल्यावर तिचे कान लाल झाले, पण ती थांबली नाही. "हळद पाण्यात टाकायची. जिथे टाकल्यावर खाली पिवळं येईल, तिथे भोक आहे."

एक मुलगा स्वयंपाकघराकडे सुटलासुद्धा. हळद आली, तांब्यात कालवली. शकीलभाई वरच्या बाजूला काठाजवळ थोडी थोडी ओतत सरकू लागले, आणि आम्ही सगळे खाली त्या धारेवर डोळे लावून बसलो. पहिल्यांदा काही नाही. दुसऱ्यांदा काही नाही. हौसाबाईसुद्धा शेळ्या सोडून येऊन उकिडव्या बसल्या. त्या म्हणाल्या, "हळद कशाला नासताय?" आणि त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत ती धार पिवळीधमक झाली.

लग्नाच्या हळदीतही मी इतका जल्लोष पाहिलेला नाही!

भोक उंबराच्या मुळाखाली होतं, पाण्याच्या पातळीच्या जरा खाली. मोठ्या माणसाचा हात तिथे वळेना. ओवी म्हणाली, "मी घालते." ती काठावर पालथी पडली, मी तिचे पाय धरले. मेघाताईंनी आधी काठी घालून ढवळलं. आतून एक तळहाताएवढा खेकडा रागारागानं नांग्या उगारत बाहेर आला आणि तिरका पळाला. ओवी किंचाळली, मी दचकले, माझी पकड सुटली, आणि पोरगी सरळ पाण्यात!

पाणी तिच्या गुडघ्यांपर्यंतच होतं. पण ती ओक्साबोक्शी रडू लागली. मेघाताईंनी तिला तत्काळ वर घेतलं. मी माझ्या शालीत तिला गुंडाळून उन्हात, दगडावर मांडीत घेऊन बसले. ती थरथरत होती. संपलं सगळं, मी मनात म्हटलं. आज घरी जाऊन सुधीरला काय तोंड दाखवू? सोमवारची ती दुसरी शाळा मला डोळ्यांसमोर दिसायला लागली.

ओढ्यावर सना आता काठावर पालथी पडून भोकात चिकणमाती कोंबत होती. माती टाकली की पाणी ती ओढून न्यायचं. माझ्या शालीतलं मुसमुसणं हळूहळू कमी झालं. मग शालीतून एक ओलं नाक बाहेर आलं. थोडा वेळ त्या नाकानं नुसतं बघितलं. आणि मग माझ्या कानाच्या अगदी जवळ, कान फाटेल अशा आवाजात:

"सना, तिथे नाही! मुळाच्या खाली! आणि आधी दगड घाल, मग माती!"

"कुठला दगड?"

"लांबट! तो नाही गं, तो बाजूचा!"

शालीत बसल्या बसल्या तिनं सगळी सूत्रं हलवली. दगड आत गेला, त्यावर माती, त्यावर पाला, पुन्हा माती. शकीलभाईंनी बाहेरून एक गोणी दाबून बसवली. खालची धार बारीक झाली, मग ठिबकू लागली, मग थांबली.

यानंतर कुणी काही केलं नाही. आम्ही सगळे नुसते ओळीनं काठावर बसलो. पाणी चढताना बघण्यासारखं दुसरं काही नसेल. आधी वाटतं काहीच होत नाहीये. मग एक पान हलतं आणि तरंगू लागतं. मग मघाशी कोरडा असलेला दगड कडेनं ओला होतो, मग बुडतो. मुलं एकेका दगडाला नाव देऊन "गेला, गेला!" ओरडत होती. एका शेळीनं पुढे होऊन पाण्याला तोंड लावलं, आणि तिच्यामागे बाकीच्या आल्या.

हौसाबाई कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या. मग माझ्या मांडीतल्या गाठोड्याकडे वळल्या. "ही पोर तुमची व्हय?"

"माझ्या भावाची."

"गुनाची हाय." त्यांनी ओवीच्या हनुवटीला हात लावला. "आता थांबलंय बग पानी. माझी शेरडं हाईत न्हवं, ती हितंच यनार. तू आलीस का मला हाक मार. वरती वाड्यावर ऐकू येती."

"मोठ्यानं मारावी लागेल," ओवी म्हणाली.

"मग मार की!"

परतीच्या बसमध्ये ऊन कलतं झालं होतं आणि धरणाचं पाणी तांबूस दिसत होतं. मी ओवीला दाखवायला गेले, पण तिला वेळ नव्हता. ती आणि सना पुढच्या वर्षी बंधारा कुठे घालायचा यावर भांडत होत्या. बावधन येईपर्यंत ते भांडण मिटलं नाही.

रात्री सुधीरनं माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या. मी तोंड उघडायच्या आत ओवीनं ताटात भाताची भिंत घातली, आमटी अडवली आणि आईबापांना खेकड्यापासून हळदीपर्यंत सगळं सांगून टाकलं. पडल्याचंही सांगितलं. "खूप थंड होतं आणि मी खूप रडले," ती म्हणाली, जणू तेही करून दाखवलेलं एक काम होतं. भावजय घास हातात धरून बसली होती. शेवटी सुधीर चाचरत म्हणाला, "बाळा, सोमवारी आपण एक नवी शाळा बघायला..."

"सोमवारी नाही जमणार, बाबा. सोमवारी पाणी कुठवर आलं ते मोजायचंय."

सुधीर माझ्याकडे वळला. मी म्हटलं, "मला काय विचारतोस? तिला विचारलंस, तिनं सांगितलं." नंतर दोघं नवरा-बायको गॅलरीत बराच वेळ बोलत उभे होते. त्यांनी शाळा बदलायचं कायमचं रद्द केलं असं मी म्हणणार नाही. उन्हाळ्यापर्यंत पुढे ढकललं. ओवी उद्यापासून रोज बोलेल, पाण्यात उड्या मारेल, असंही मला वाटत नाही. पण त्या घरात तिला इतकं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं, आणि आईबाप दोघंही तिचं ऐकत होते.

नांदेडला परत आले, दुकान उघडलं. दोन बोटांना सुतळीचे घट्टे अजून आहेत. पहिल्याच दिवशी शेजारची मंडळी जमली. पुण्याला गेले होते म्हटल्यावर सारसबाग पाहिली का, शनिवारवाडा पाहिला का, काय काय आणलं, असं सगळ्यांनी एकदम विचारलं.

"पाणी चढताना पाहिलं," मी म्हटलं.

कुणाला काही कळलं नाही. मग मी मशीन बंद केलं, सगळ्यांना बसायला लावलं आणि अगदी पहिल्या गोणीपासून सांगायला सुरुवात केली.